मोटरसायकलवर हात बधिर होतात? आधी बैठक बघा, मग हँडल

सलग तासभर गाडी चालवली की उजव्या हाताची बोटे जड व्हायला लागतात. मग मुंग्या येतात. आणि मग अशी वेळ येते की ब्रेकच्या लिव्हरवर बोटे टेकलेली डोळ्यांना दिसतात, पण बोटांना काही जाणवत नाही. इथवर आले की बहुतेक जण खरेदीला लागतात: जेल भरलेले हातमोजे, फोमच्या मुठी, मुठीवर चढवायची रबरी आवरणे. त्रास हातात, म्हणून इलाजही हाताचाच. माझा अनुभव असा की तक्रार हात करतात, पण खोडी बहुतेक वेळा सीटची, कंबरेची किंवा लिव्हरच्या कोनाची असते.

हातांनी दिशा द्यायची, अ‍ॅक्सिलरेटर, क्लच आणि ब्रेक सांभाळायचे. धडाचे वजन पेलायचे काम बूड, मांड्या आणि पाय यांचे. ते त्यांनी केले नाही की वजन पुढे घरंगळत येऊन तळहातांवर बसते, तळहात मूठ आवळतात आणि मनगट वाकते. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी बैठक, मग हँडल आणि लिव्हर, मग अ‍ॅक्सिलरेटर, मग कंपन, आणि शेवटी हातमोजे. सुरुवातीच्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत. अर्धे लोक तिथेच बरे होतात.

कोणती बोटे, कोणता हात

पाना हातात घेण्याआधी हे नीट टिपून घ्या. बधीरपणा नेमका कुठे येतो, यावरून कारणाचा अर्धा पत्ता लागतो.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू, एवढ्या भागाची जाणीव मीडियन नावाची नस सांभाळते. ही नस मनगटात एका अरुंद बोगद्यातून जाते. त्याच बोगद्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध जातात. मनगट वर किंवा खाली वाकवले की त्या जागेतला दाब वाढतो, आणि त्याच वेळी मूठ आवळली की आणखी वाढतो. मनगट सरळ असताना दाब सर्वांत कमी असतो. तेव्हा ही बोटे बधिर होत असतील तर पहिला संशय मनगटाच्या कोनावर आणि मुठीच्या पकडीवर घ्यायचा.

करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू अल्नर नसेची. ही नस दोन ठिकाणी अडचणीत येते. एक, तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यापाशी, जिथे ती त्वचेच्या बरीच जवळ असते. त्या जागेवर शरीराचा भार टेकला की ती दबते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना हा त्रास फार जुना आहे. दुसरी जागा कोपराच्या मागे. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती हीच नस. कोपर बराच वेळ जास्त वाकलेले राहिले की ती ताणली जाते. म्हणजे करंगळीची तक्रार असेल तर तळहातावरचा भार आणि कोपराचा कोन, दोन्ही तपासा.

पूर्ण हात, सगळी बोटे आणि शिवाय तळहातात मधमाश्या गुणगुणल्यासारखी जाणीव, जी गाडी थांबल्यावरही काही मिनिटे टिकते, असे असेल तर कंपनाचा वाटा मोठा आहे. आणि मान अवघडून खांद्यातून खाली हातात कळ उतरत असेल तर हँडल फिरवून फारसे काही होणार नाही. मूळ मानेत असू शकते.

आता हात कोणता ते बघा. दोन्ही हात सारखेच बधिर होत असतील तर वजन किंवा कंपन. फक्त उजवा असेल तर अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन, कारण डाव्या हाताला मधूनमधून सुट्टी मिळते, उजव्याला मिळत नाही. फक्त डावा असेल तर क्लच जड आहे का, त्याचा लिव्हर बोटांपासून लांब आहे का, हे आधी पाहा. गर्दीच्या रस्त्यावर डावा आणि मोकळ्या रस्त्यावर उजवा असेही होते. मग दोन वेगळी कामे आहेत, एकाच उपायात दोन्ही सुटणार नाहीत.

बैठक: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करा. मधला स्टँड असेल तर उत्तम, नसेल तर कुणाला तरी मागून घट्ट धरायला सांगा. रोजच्यासारखे बसा, पाय फूटपेगवर ठेवा, हात मुठींवर. आता दोन्ही हात मुठींपासून बोटभर वर उचला. धड जागच्या जागी राहिले तर ठीक. पुढे कलंडायला लागलात, पोट एकदम आवळावे लागले किंवा हात आपोआप मुठींवर पडले, तर तेवढे वजन रोज तुमचे तळहात वाहतात. ही चाचणी उभ्या गाडीवरच करायची. चालत्या गाडीवर हात सोडून बघू नका. चालताना करता येण्यासारखी खूण वेगळी आहे: मोकळ्या सरळ रस्त्यावर मुठी न सोडता दोन्ही कोपरे हलकेच वरखाली हलवून बघा. सहज हलली तर हात मोकळे आहेत. खांदे कानांपर्यंत चढलेले आणि कोपरे ताठ असतील तर हात टेकूचे काम करताहेत.

पुढे कलंडण्याची कारणे तीन-चार असतात आणि बहुधा एकमेकांत गुंतलेली असतात.

पहिले म्हणजे वाकण्याची पद्धत. पुढे झुकायचे असेल तर ओणवे जांघेतून व्हायचे, पाठीच्या मध्यातून नाही. पाठीचा कणा गोल करून बसले की ओटीपोट मागे कलते, छाती आत जाते आणि धड सांभाळायला हातांशिवाय काही उरत नाही. सीटवर बसून बूड किंचित मागे सरकवा, ओटीपोट थोडे पुढे कलवा, मग पाठ सरळ ठेवून पुढे या. हातांवरचा भार तिथल्या तिथे उतरलेला कळतो. सवय व्हायला वेळ लागतो, आणि पोटाचे स्नायू कमकुवत असतील तर तासाभराने माणूस पुन्हा जुन्या पोक्यात जातो. पोट आणि पाठ यांचा रोजचा साधा व्यायाम यावर कुठल्याही जेलच्या मुठीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दुसरे, पाय आणि गुडघे. गुडघे टाकीला लावून ठेवा; सतत दाबून नव्हे, पण ब्रेक मारताना मांड्यांनी टाकी धरायची. बरेच जण ब्रेक लावताना सगळा झोक हातांवर घेतात. शहरात मिनिटाला चार वेळा ब्रेक लागतो, म्हणजे तेवढे धक्के मनगटात. टाकी गुळगुळीत असेल आणि पँट घसरत असेल तर टाकीच्या दोन्ही बाजूंना खरखरीत रबरी पॅड चिकटवा. फूटपेगवर पायाचा चवडा टेकवून थोडे वजन पायांवर घ्या. फूटपेग फार मागे असलेल्या गाड्यांत पाय मागे गेले की धड पुढे जाते, हे त्या गाडीच्या बांधणीतच आहे. काही गाड्यांना फूटपेगची जागा बदलण्याचे भोक दिलेले असते, तिथे एक भोक पुढे आणून पाहा.

तिसरे, सीटचा उतार. अनेक सीटा टाकीकडे उतरत्या असतात. तुम्ही दर काही मिनिटांनी मागे सरकत असाल तर उतार आहेच असे समजा. मोबाइलमधले लेव्हल मोजण्याचे अ‍ॅप सीटच्या बसण्याच्या जागेवर ठेवून पाहा, पण गाडीवर तुमचे वजन असताना मागचा भाग किती बसतो हेही लक्षात घ्या. उतार कमी करायला सीटच्या पुढच्या टेकूच्या रबराखाली काही मिलिमीटरचे पक्के रबर घालता येते. घातल्यावर सीटचे कुलूप नीट लागते का आणि सीट हलत तर नाही ना, हे तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. चांगला सीट बनवणारा कारागीर मिळाला तर पुढचा फोम थोडा उंच करून देतो. बसण्याच्या जागेत एक हलकासा खळगा मिळाला की मागे सरकण्याची कटकटच संपते.

चौथे कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: मागचे सस्पेन्शन. मागे सामान किंवा जोडीदार म्हणून स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला दाब, वाढवला आणि नंतर एकटे फिरताना तो तसाच राहिला, तर गाडीचा मागचा भाग उंच राहतो आणि सगळी गाडीच नाकावर झुकते. तुम्ही बसल्यावर मागचे सस्पेन्शन त्याच्या एकूण चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढे बसले पाहिजे. फारच कमी बसत असेल तर प्रीलोड एकेक टप्प्याने उतरवा. उलट, कुणी पुढचे फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या, क्लॅम्पमध्ये वर सरकवून पुढची बाजू खाली आणली असेल, तर त्याचाही परिणाम तळहातांवर होतो. पण ते पुन्हा बदलायचे तर गाडीच्या वळण्याच्या स्वभावावर परिणाम होतो, म्हणून जाणकार हाताखालीच करा.

वाऱ्याचाही हिशेब आहे. वेगात छातीवर येणारा वारा धड मागे ढकलतो आणि हातांवरचा भार कमी करतो. म्हणून पुढे झुकलेली गाडी गावात त्रास देते आणि मोकळ्या रस्त्यावर सुखावते. उंच काच बसवली की हा आधार जातो. काच बसवल्यापासून हात दुखायला लागले असे कुणी म्हणाले तर ते खोटे नसते. काच नसलेल्या उघड्या गाडीवर फार वेगात उलटे होते: माणूस वाऱ्याशी झगडत हँडलला लोंबकळतो आणि मूठ आवळतो. वेग थोडा कमी करून बघणे हा इथला सर्वांत स्वस्त प्रयोग.

हँडल

बैठक जमल्यावरही हात लांब, खाली किंवा तिरके पडत असतील तरच हँडलला हात घाला.

नळीचे हँडल असलेल्या गाड्यांत क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल फिरवता येते. हँडलची टोके चालकाकडे मागे वळलेली असतात, त्यामुळे हँडल चालकाकडे फिरवले की मुठी जवळ येतात पण त्यांची बाहेरची टोके खाली झुकतात. पुढे फिरवले की मुठी लांब जातात आणि टोके वर होतात. दोन-तीन अंशांचा फरकही मनगटाला कळतो. योग्य जागा ओळखायची ती अशी: डोळे मिटून दोन्ही हात सैल पुढे आणा, जिथे नैसर्गिकपणे मूठ वळेल तिथेच गाडीची मूठ यायला हवी. मनगट करंगळीच्या बाजूला मुडपावे लागत असेल तर हँडलचा कोन चुकीचा आहे. कोपरात किंचित वाक राहिला पाहिजे. ताठ कोपर रस्त्याचा प्रत्येक धक्का खांद्यापर्यंत पोचवते, आणि फार मुडपलेले कोपर करंगळीची नस ताणते.

सुरू करण्याआधी क्लॅम्पच्या कडेला हँडलवर रंगाची बारीक रेघ मारा किंवा टेप चिकटवा, म्हणजे परत मूळ जागी येता येईल. टाकीवर जाड कापड टाका. हातातून सुटलेला पाना टाकीवरच पडतो. बोल्ट पूर्ण काढायचे नाहीत, हँडल जोर लावल्यावर फिरेल इतकेच सैल करायचे. परत आवळताना मॅन्युअल बघा: काही गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळून फट फक्त मागे ठेवायची असते, काहींत पुढेमागे सारखी फट हवी असते. चुकीच्या क्रमाने आवळलेला क्लॅम्प तडकू शकतो. अशा ८ मिमी बोल्टना साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधलाच धरा. टॉर्क रेंच नसेल तर हे काम गॅरेजमध्ये करून घ्या. हँडल सटकणे परवडत नाही.

हँडल फिरवून पुरत नसेल तर रायझर, म्हणजे क्लॅम्पखाली घालून हँडल उंच करणारे तुकडे मिळतात. हँडलच्या नळीचा व्यास बघून घ्या. साधी नळी २२ मिमीची, तर जाड हँडल क्लॅम्पपाशी २८.६ मिमीचे असते. २० ते ३० मिमी उंची बहुतेक वेळा मूळ केबलींवर निभते, त्याहून जास्त केली की केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जाण्याची भीती. मागे आणणारे रायझर मला नुसत्या उंच करणाऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात, कारण बहुतेकांचा त्रास मुठी खाली असण्यापेक्षा लांब असण्याचा असतो. पण हँडल फार उंच करणेही बरे नाही. हात खांद्याच्या उंचीवर गेले की खांदे आखडतात, बोटांकडचा रक्तपुरवठाही मंदावतो, आणि बधीरपणा दुसऱ्या दाराने परत येतो.

स्पोर्ट गाड्यांची फोर्कला थेट अडकवलेली दोन वेगळी हँडले, म्हणजे क्लिप-ऑन, फारशी वर येत नाहीत. त्यांचा आतबाहेरचा कोन काही अंश बदलता येतो, एवढेच. अशा गाडीवर बैठकीचे काम दुप्पट महत्त्वाचे.

हँडल हलवल्यावर ही तपासणी चुकवू नका. इंजिन बंद असताना हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा: बोटे टाकीला लागत नाहीत ना, कुठली केबल किंवा पाइप ताणत नाही ना, ब्रेक आणि क्लच दोन्ही टोकांना नीट दाबले जातात ना. मग गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून तेच पुन्हा करा. हँडल वळवताना इंजिनचा आवाज आपोआप चढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. वळणावर ती स्वतःच पळेल.

लिव्हर: दहा मिनिटांचे काम, सर्वांत मोठा फरक

कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे लिव्हर जवळजवळ आडवे असतात. दोन बोटे लिव्हरवर ठेवायची सवय असलेल्या माणसाला त्यासाठी मनगट मागे मोडावे लागते, आणि ते तासन्‌तास तसेच राहते. अंगठा-तर्जनी बधिर होणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

१. रोजच्या बैठकीत बसा, मुठी धरा, बोटे सरळ पुढे करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ दिसली पाहिजे आणि बोटे लिव्हरच्या वर टेकली पाहिजेत. बाजूने कुणाला तरी फोटो काढायला सांगा, स्वतःला नीट दिसत नाही.

२. लिव्हरच्या क्लॅम्पचे दोन बोल्ट थोडे सैल करा, सरळ रेघ जुळेपर्यंत लिव्हर खाली फिरवा. बसून चालवणाऱ्याला आडव्यापासून साधारण ३० अंश खाली सोयीचे पडते. उभे राहून कच्च्या रस्त्यावर चालवणारे त्याहून थोडे खाली ठेवतात.

३. ब्रेकच्या बाजूला मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचे तेल दाबणारा भाग, आहे हे विसरू नका. तेलाची डबी वेगळी नसून त्याच्यावरच असेल तर ती फार तिरकी करू नका. आतले तेल एका कडेला जाऊन हवा शिरू शकते. झाकण उघडायचे कारण नाही. फिरवल्यावर खिडकीत तेलाची पातळी दिसते का आणि लिव्हर पूर्वीइतकाच कडक लागतो का, एवढे पाहा.

४. आवळताना क्लॅम्पवर बाण किंवा ‘अप’ अशी खूण असेल तर ती वरच्या दिशेला ठेवायची. अशा क्लॅम्पचा बहुतेक वेळा वरचा बोल्ट आधी, मग खालचा. हे बोल्ट ६ मिमीचे, त्यांना सुमारे १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त जोर लावला की आटे जातात.

५. लिव्हर मुठीपासून किती लांब आहे हे वेगळे पाहा. बोटाचे पहिले पेर लिव्हरवर सहज वळले पाहिजे. ब्रेक लिव्हरवर आकडे लिहिलेली चक्री असेल तर तिने अंतर जुळवा. पण लिव्हर इतका जवळही नको की पूर्ण दाबल्यावर मुठीवरच्या बाकीच्या बोटांना लागेल.

६. क्लच जड लागत असेल तर आधी केबल तपासा. कोरडी, मुडपलेली किंवा धागे तुटायला लागलेली केबल डाव्या हाताचा जीव काढते. केबलीवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी चाल ठेवायची असते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये.

स्विचच्या डब्याला आतून एक खिटी असते, ती हँडलमधल्या भोकात बसते. त्यामुळे डबा मनाप्रमाणे फिरत नाही. तो जबरदस्तीने फिरवून खिटी मोडू नका. लिव्हर मात्र स्वतंत्र फिरतो.

अ‍ॅक्सिलरेटर आणि मुठीची पकड

अ‍ॅक्सिलरेटर बंद असताना मूठ धरली की मनगट सरळ असते. गाडी समान वेगाला आली की मूठ मागे वळलेली असते आणि मनगट खाली पडलेले. प्रवासाचा बहुतेक वेळ याच अवस्थेत जातो. म्हणून वेग धरल्यावर मूठ क्षणभर सैल करून थोडी पुढून पुन्हा धरा, म्हणजे त्या वेगालाही मनगट सरळ येईल. मूठ आडवी न धरता पेचकस धरतो तशी किंचित तिरकी धरली, जोर करंगळी आणि अनामिकेकडे ठेवला, तर वळवण्याला मनगट कमी आणि कोपर जास्त वापरले जाते. सुरुवातीला अवघड वाटेल, पण तिरक्या पकडीत कोपर आपोआप बाहेर येते, हा त्यातला छुपा फायदा.

घट्ट पकड ही स्वतंत्र बिमारी आहे. मूठ घसरत असेल, रबर गुळगुळीत झाले असेल, तर हात आवळणारच. मुठी बदला. अ‍ॅक्सिलरेटरची परत येणारी स्प्रिंग कडक वाटत असेल तर केबल वंगण घालून बघा आणि मोकळी चाल तपासा. बऱ्याच गाड्यांत ती मुठीच्या कडेला २ ते ६ मिमी असते. मुठीवर अडकवायची एक छोटी पट्टी मिळते, तिच्यावर तळहात टेकून अ‍ॅक्सिलरेटर धरता येतो. मोकळ्या रस्त्यावर ती सुख देते. पण गर्दीत ती काढा किंवा खाली फिरवून ठेवा, कारण ब्रेक मारायला हात पुढे नेताना नकळत तीच दाबली जाऊन गाडी उसळते. घर्षणाने अ‍ॅक्सिलरेटर अडकवून ठेवणारे लॉक वापरायचेच असेल तर हाताने वळवल्यावर ते बिनबोभाट सुटायला हवे, हे घरीच पाहून घ्या.

कंपन

इथे थोडे इंजिन समजून घेतले तर पैसे वाचतात. ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) सेकंदाला १०० वेळा फिरतो. एका सिलिंडरच्या इंजिनात, बॅलन्सर शाफ्ट (हिसका मारण्यासाठी बसवलेला दांडा) नसेल किंवा अपुरा असेल तर, त्याच १०० हर्ट्झचा हिसका हँडलपर्यंत येतो. सरळ रांगेत चार सिलिंडर असलेल्या इंजिनात मोठा हिसका आपसात मिटतो, पण दुप्पट वेगाची बारीक थरथर उरते, म्हणजे त्याच आरपीएमला २०० हर्ट्झ. गाडी गुळगुळीत वाटते तरी बोटे झोपतात, ते यामुळे.

कंपन हाताला खरेच इजा करते का? कारखान्यांत कंप पावणारी यंत्रे वापरणाऱ्यांसाठी युरोपीय संघाने २००२ मध्ये मर्यादा घालून दिल्या: आठ तासांच्या सरासरीने कंपनाचे त्वरण २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाले की उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर जायचे नाही. अतिकंपनाने बोटे पांढरी पडणे आणि जाणीव कमी होणे हा मान्य व्यवसायजन्य आजार आहे. अधूनमधून फिरणाऱ्याने घाबरायचे कारण नाही, पण दिवसभर गाडीवर काम करणाऱ्याने ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

आधी कंपन कोणत्या आरपीएमला वाढते ते शोधा. ठरावीक पट्ट्यात वाढत असेल तर एक गिअर वर किंवा खाली टाकून, किंवा वेग पाचेक किलोमीटरने बदलून त्या पट्ट्याबाहेर राहा. कंपन नवीन असेल, पूर्वी नव्हते, तर काहीतरी बिघडले आहे. इंजिन चौकटीला धरणारे बोल्ट सैल आहेत का, चेन फार ताणलेली किंवा ठिकठिकाणी वेगळी ढिली आहे का, स्प्रॉकेटचे दात झिजले आहेत का, टायरमधली हवा आणि चाकाचा बॅलन्स, स्टिअरिंगचे बेअरिंग, आणि हँडलच्या टोकाचे वजनदार गट्टू जागेवर आहेत का. गाडी पडल्यावर लोक हलके सुशोभित गट्टू लावतात आणि मग हात का बधिर होतात म्हणून विचारतात. ते वजन सजावटीसाठी नसते, हँडलची थरथरण्याची लय बदलण्यासाठी असते. दोन सिलिंडर आणि वेगवेगळे कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडी असतील तर त्यांचे सिंक्रोनायझेशन, म्हणजे दोन्हींची चाल सारखी जुळवणे, करून घ्या. ते बिघडले की गाडी बारीक आरपीएमलाही खडखडते.

हे सगळे झाल्यावर जड गट्टू, हँडलच्या नळीत घालायच्या रबरी दांड्या, मऊ मुठी. जाड मुठीबद्दल एक खबरदारी: मूठ धरल्यावर बोटांची टोके तळहातात रुतत असतील तरच जाडी वाढवा. लहान हातांना जाड मूठ म्हणजे जास्त जोराची पकड, म्हणजे जास्त बधीरपणा.

हातमोजे आणि थंडी

मोजे थोडक्यात. तळहातात शिवण येत नाही ना, मूठ वळल्यावर बोटांच्या टोकाला ताण येत नाही ना, मनगटाचा पट्टा आवळलेला नाही ना. जॅकेटची बाही, घड्याळ आणि मोज्याचा पट्टा एकावर एक चढले की मनगटावर कडे तयार होते. फार जाड गादीचे मोजे मुठीची जाणीव घालवतात आणि माणूस नकळत आणखी आवळतो.

थंड वाऱ्यात बोटे बधिर होतात ते नसेमुळेच असते असे नाही, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात म्हणूनही होते. हातांपुढे वारा अडवणारी ढाल आणि गरम होणाऱ्या मुठी यांचा इथे उपयोग आहे. बोटे पांढरीफटक पडून नंतर लाल होत असतील, आणि हे गाडीशिवायही होत असेल, तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे.

बदल तपासायचे कसे

एका वेळी एकच बदल. सगळे एकदम बदलले तर काय लागू पडले ते कधीच कळणार नाही, आणि काही बिघडले तर तेही नाही. तोच रस्ता, तोच वेग, आणि फोनमध्ये तीन गोष्टी टिपा: कोणती बोटे, किती मिनिटांनी सुरू झाले, थांबल्यावर किती वेळात गेले. सुरू होण्याची वेळ वीस मिनिटांवरून पन्नासवर गेली तर दिशा बरोबर आहे, पूर्ण थांबले नाही म्हणून बदल मागे घेऊ नका. पहिली फेरी जवळच, कमी वेगात घ्या. लिव्हर हलवल्यावर घाईच्या वेळी बोटे जुन्या जागी शोधतात. परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कला तपासा.

मुंग्या आल्याच तर वाट बघत पुढे जाऊ नका. ब्रेकची जाणीव नसलेला हात घेऊन चालवणे धोक्याचे आहे. थांबा, हेल्मेट काढा, हात खाली सोडून झटका, मुठी पाच-सात वेळा उघडझाप करा, खांदे मागे फिरवा, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवा. साधारण तासाला एकदा असे थांबलात तर बऱ्याचदा पुढची वेळच येत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा

गाडीवरून उतरल्यावर काही तासांनीही बधीरपणा राहतो, रात्री झोपेतून मुंग्यांनी जाग येते, हातातल्या वस्तू निसटतात, शर्टाचे बटण लावताना बोटे चाचपडतात, किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग सपाट दिसू लागला आहे, यातले काहीही असेल तर हँडलची जुळवाजुळव पुरे. मधुमेह, थायरॉइड कमी असणे, गर्भारपण आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही हात बधिर होतात, आणि गाडी तेव्हा फक्त ते उघडकीला आणते. नसेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी असते, तिच्यावरून दाब मनगटात आहे, कोपरात आहे की मानेत, याचा अंदाज येतो. सुरुवातीच्या टप्प्यात अनेकांना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पुरतो. डॉक्टरांना नुसते ‘हात बधिर होतात’ असे सांगू नका. कोणती बोटे, कोणता हात, सुरू व्हायला किती मिनिटे आणि जायला किती, हे फोनमध्ये टिपलेले त्यांना वाचून दाखवा.